परभणीहून घेतलेला मंत्र बॉक्स: बॅटरी दमदार, आवाज चिरका आणि डोक्याला भुंगा

ज्यांना फक्त घ्यावा का घेऊ नये एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. ३५० रुपयात वस्तू वाईट नाही, म्हाताऱ्या माणसाला न शिकवता वापरता येते, बॅटरी एकदा भरली की दिवसभर जाते, आवाज मात्र चिरका आहे आणि बटनं नाजूक आहेत. पाचपैकी तीन स्टार. ज्यांच्याकडं वेळ आहे त्यांनी पुढं वाचा, कारण एवढ्याशा डब्यानं माझ्या डोक्याला जो भुंगा लावलाय तो कुठंतरी उतरवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तर मंत्र बॉक्स म्हणजे तळहातात मावणारी प्लॅस्टिकची पेटी, पुढं जाळी, जाळीमागं बारका स्पीकर, वर तीन बटनं, बाजूला चार्जिंगचं भोक, आणि आतल्या मेमरी कार्डवर वीसेक आरत्या, स्तोत्रं, जप भरलेले. एक लावलं की तुम्ही बंद करेपर्यंत तेच वाजत राहतं. आमच्या आईला हा पाहिजे होता कारण शेजारच्या काकूंकडं आहे आणि पहाटे पाचला काकूंच्या खिडकीतून ऐकू येतो, मग आपल्याकडं कामून नसावा असा तिचा साधा हिशेब. मी कामाला वाळूजच्या एमआयडीसीत असतो, सुट्टीत परभणीला आलो की आईची अशी बारीकसारीक कामं साठलेली असतात, गॅसची नळी बदल, फोनमधले फोटो डिलीट कर, त्यात ह्या टायमाला हे.

स्टेशन रोडला मोबाईलची कव्हरं, चार्जर, इअरफोन विकणारी जी चिंचोळी दुकानं आहेत त्यातल्या एकातून घेतला. दुकानाला वेगळे मार्क द्यायचे तर पाचपैकी पाच. दुकानदार चाचा सत्तरीकडं झुकलेले, मूळचे रेडिओ रिपेरिंगवाले, आता कव्हरं विकतात पण टेबलावर सोल्डरिंग गन अजून आहे आणि हातात वस्तू आली की खोलून बघायची सवय गेलेली नाही. त्यांच्या मागच्या फळीवर हे डबे ओळीनं मांडलेले होते, भगव्यात हनुमान चालीसा, हिरव्यात कुराणाची तिलावत म्हणजे पठण, निळ्यात बुद्ध वंदना आणि केशरी पट्टीवाल्यात गुरबाणी, नांदेड जवळ असल्यामुळं तो पण खपतो म्हणे. मी विचारलं ह्यात चांगला कुठला. चाचा म्हणले, "चांगला-वांगला क्या नै भाई, अंदर का माल एकीच है. कौनसा होना वो बोलो." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी एक भगवा आणि एक हिरवा घेतला, मागचे दोन दोन स्क्रू काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

खरंच एकच. तीच हिरवट पट्टी, तोच लाल-काळ्या वायरचा स्पीकर, जुन्या नोकियात यायची ती बीएल-५सी बॅटरी, नखाएवढं कार्ड. प्लॅस्टिकचा साचा सुद्धा एकच, वरच्या बाजूला एक घुमटासारखा उंचवटा आहे, हिरव्यावर त्या उंचवट्यावर चांद चिकटवलाय आणि भगव्यावर कमळ. चाचांनी दोन्ही झाकणं अदलाबदल करून बसवून दाखवली, चपखल बसली. मग परत जागच्या जागी लावली आणि म्हणले, कार्ड बदललं की झालं, पण तसं करत नाही मी, "कस्टमर को मालूम पडा तो दुकान का बोर्ड नै रहता."

माल येतो हैदराबादेतून, कोठीतल्या होलसेलवाल्यांकडून, आणि तिथं येतो चीनमधून. यिवू म्हणून तिकडं एक शहर आहे, जगातली बारकीसारीक वस्तूंची सगळ्यात मोठी बाजारपेठ, ख्रिसमसच्या झाडावर टांगायचं सामान जगभर तिथूनच जातं, तसबीह तिथं, जपमाळ तिथं, फायबरचा गणपती तिथं. हे असले नामजप करणारे डबे पण मुळात चीन-तैवानकडच्या बौद्ध लोकांनी काढले, अमिताभ बुद्धाचं नाव घरात अखंड चालू राहावं म्हणून, बाकीच्या धर्मांनी ते नंतर उचलले. २०२० ला गलवान झालं तेव्हा चिनी मालावर बहिष्काराची हवा होती, त्या वेळी काय केलं विचारलं तर चाचा हसले नुसते. माझ्या डब्याच्या तळाला "मेड इन पीआरसी" आहे, म्हणजे चीनच, पण पीआरसी म्हणजे काय हे विचारत कोण बसतंय.

आता आतला माल. आईनं घरी आणल्या आणल्या पहिला ट्रॅक लावला, ठीक. दुसरा, ठीक. मग हरिपाठ लावला आणि दोन मिनिटात कपाळाला आठ्या. "ही चाल कुठली रं? ही आपल्याकडची नाही." आवाज चांगला आहे, गाणारा सुरात आहे, मागं सिंथेसायझर आहे, बासरी आहे, पण ती वारकरी फडावरची चाल नाही, मधे जयघोष नाही, टाळ म्हणजे नुसता टिकटिक आवाज. देवीच्या नावाखाली सगळ्या हिंदी आरत्या. आमची देवी तुळजापूरची, तिचं गाणं म्हणजे जोगवा आणि गोंधळ, संबळ, दिवटी, आणि तिच्या नवरात्रात अजाबली म्हणजे बोकडाचा बळी असतो हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. डब्यातली देवी शुद्ध शाकाहारी, उत्तर भारतातल्या कॅलेंडरवरची, वाघावर बसून सगळीकडं एकसारखी हसणारी. खंडोबा नाहीच. मारुतीला शनिवारी आम्ही जे म्हणतो ते मराठी स्तोत्र पण शेवटून दुसरं.

आमच्या गावाकडं चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे की सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारे लावलेले असतात, दोन दोन तासाचे, फळ्यावर खडूनं नावं लिहिलेली, रात्री दोनचा पहारा कुणालाच नको असतो, ज्याची पाळी त्याला उठवायला पोरगं पाठवायचं, तो डोळे चोळत येणार, पहिल्याच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाणार पण मधे तार वाजायची थांबणार नाही, ह्याचा अंगठा सुटायच्या आत त्याचं बोट लागलं पाहिजे. अखंड म्हणजे ते होतं. त्यात शिंप्याचं पोरगं, कुंभाराचा म्हातारा, दारू पिऊन एरवी भांडणारा आमचा चुलता, सगळे लागायचे कारण माणसं पुरायची नाहीत. डब्याला माणूस लागत नाही, अखंडपणा त्याच्या कार्डमधेच आलाय.

हे फक्त आपल्याच डब्याचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. हिरव्या डब्यातला आवाज मक्केच्या मोठ्या मशिदीच्या इमामांचा, शेख सुदैस यांचा, चाचा म्हणले आता पोरं तोच मागतात. आवाज भारीच आहे, त्यात वाद नाही. पण चाचांच्या तरुणपणी रेडिओ-टेप दुरुस्तीला यायचे त्यावर इजिप्तच्या कारी अब्दुल बासित यांची कॅसेट असायची, आणि त्याच्याही आधी मोहल्ल्यातले हाफिजजी आपल्या दखनी गळ्यानं म्हणायचे तेच पुरायचं. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो, जिल्ह्यातले निम्मे हिंदू तिथं जातात, आम्ही लहानपणी पाळण्यात बसायला आणि खाजा खायला जायचो, आई नारळ-चादर चढवायची. मी दुकानात असतानाच एक पोरगं आलं, विशीतलं, दाढी राखलेलं, इंजिनियरिंगचं बॅकपॅक पाठीला, चाचांनी त्याला गमतीनं विचारलं उरूसची कव्वाली भरून देऊ का कार्डमधे, तर ते एकदम सिरियस होऊन म्हणलं की चाचा ते सगळं बिदअत आहे, म्हणजे धर्मात मागून घुसवलेलं. चाचा काही बोलले नाहीत, त्याला टाईप-सी केबल दिली, पैसे घेतले, आणि तो गेल्यावर मला म्हणले, "इसका दादा उरूस में लंगर पकाता था."

निळा डबा पण मी ऐकून बघितला. त्रिशरण, पंचशील, पालीत, उच्चार थायलंड-श्रीलंकेकडचा असावा, फार शांत वाटतं. पण आमच्याकडं १४ एप्रिलला ज्याच्यावर अख्खी वस्ती उभी राहते ती भीमगीतं, ढोलकी-हार्मोनियमवाली, तमाशाच्या फडातून आलेली, ती त्यात एक पण नाही. ज्यांनी १९७८ ते १९९४ सोळा वर्षं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी मार खाल्ला, घरं जळालेली बघितली, त्यांना तेव्हा धीर दिला तो पालीनं थोडाच, तो शाहिरांनी दिला. आणि केशरी डब्यातली मजा तर नांदेडवाल्यांनाच कळंल. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची मर्यादा, म्हणजे पूजेअर्चेची रीत, अमृतसरहून वेगळी आहे, तिथं गुरू ग्रंथसाहिबांबरोबर दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो म्हणजे तो पण उघडून मांडतात, दिव्यांची आरती होते, दसऱ्याला बोकडाचा झटका होतो. अमृतसरच्या शिरोमणी समितीनं १९४५ ला जी एकसारखी मर्यादा मंजूर केली ती इथं तशीच्या तशी लागू नाही, आणि नांदेडवाले त्याचा अभिमान बाळगतात. डब्यात अर्थात अमृतसर.

मग माझ्या डोक्यात बसलं ते हे. लोक समजतात कट्टरपणा म्हणजे जुनं काहीतरी, आजोबा-पणजोबाचं, गावाकडचं, आणि मोबाईल, मॉल, इंग्लिश मिडियम आलं की ते आपोआप जाणार. पण जे खरंच जुनं असतं ते गावागणिक वेगळं असतं. आमच्या गावचा सप्ताह शेजारच्या गावासारखा नसतो, ह्या दर्ग्याचा संदल त्या दर्ग्यासारखा नसतो. जे परभणीपासून न्यू जर्सीपर्यंत, नांदेडपासून कॅनडापर्यंत सारखंच्या सारखं मिळतं ते जुनं कसं असंल, ते बोटीतनं, कंटेनरमधनं आलेलं असतं. कारखान्याला एकच साचा परवडतो आणि कट्टर माणसाला पण एकच साचा परवडतो, आणि दोघांनाही मधेमधे येणारी आमच्या चुलत्यासारखी माणसं नको असतात.

उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. मौलाना मौदूदी, ज्यांच्या विचारावर जगभरातल्या इस्लामी राजकीय संघटना पोसल्या, ते जन्मले १९०३ ला आपल्या तेव्हाच्या औरंगाबादेत, निजामाच्या राज्यात. घराणं चिश्ती सूफींचं, आडनावच मौदूद चिश्तींवरून आलेलं, आणि तासाभराच्या वाटेवर खुलताबाद, जिथं पावलापावलाला चिश्ती अवलियांचे दर्गे. त्या माणसानं पुढं मांडलं काय, तर पिरांच्या भोवतीचे असले रिवाज बाजूला सारा आणि सरकार, कायदा, व्यवहार सगळं एकाच दैवी कायद्याखाली आणा. १९४१ ला लाहोरमधे जमात-ए-इस्लामी काढली. १९७९ ला सौदीचा पहिला किंग फैसल पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी वारले, कुठं तर अमेरिकेत, बफेलोत, मुलगा तिथं डॉक्टर होता म्हणून उपचाराला गेले होते. औरंगाबाद, लाहोर, रियाध, बफेलो. ह्याच्यापेक्षा ग्लोबल आयुष्य आमच्या वाळूजच्या एक्स्पोर्ट मॅनेजरचं पण नाही.

आणि फक्त त्यांचंच असं नाही. अमेरिकेत १९१० ते १९१५ मधे लॉस एंजेलिसच्या एका तेलवाल्या उद्योगपतीनं आणि त्याच्या भावानं पैसा ओतून बारा पुस्तिका छापल्या, बायबलचा शब्दन् शब्द खरा, डार्विन खोटा वगैरे, आणि तीसेक लाख प्रती पाद्र्यांना, मिशनऱ्यांना फुकट पोस्टानं पाठवल्या, तिथल्या ख्रिस्ती कट्टरपंथाला फंडामेंटलिझम हे नाव पण त्याच पुस्तिकांवरून मिळालं. तेव्हा पण तेलाचा पैसा होता आणि १९७३ नंतर अरबांच्या तेलाचे भाव वाढले तेव्हा पण. १९७८ ला खोमेनी पॅरिसजवळच्या एका खेड्यात बसून भाषणं द्यायचे, ती टेलिफोनवरून, कॅसेटवरून इराणात पोचायची, कॅसेट म्हणजे त्या वेळचा मंत्र बॉक्सच. आपल्याकडं विश्व हिंदू परिषद निघाली १९६४ ला, मुंबईत पवईला, आणि सहाच वर्षात १९७० ला तिची अमेरिकेत शाखा. १९८३ ला एकात्मता यात्रा काढली तेव्हा ट्रकवर कलश ठेवून देशभर फिरवला आणि गंगाजलाच्या बाटल्या विकल्या. आमच्या आज्जीकडं गंगा म्हणजे गोदावरी होती बरं का, गंगाखेडला जायचं, बुडी मारायची, तांब्या भरून आणायचा. २०१६ पासून तर गंगाजल पोस्टात मिळतं.

त्याआधी पण होतंच. निजामाच्या काळात १९३८-३९ ला आर्य समाजानं हैदराबाद संस्थानात सत्याग्रह केला, उदगीर, लातूरकडं त्यांचा लई जोर, फक्त वेद, मूर्तिपूजा बंद, पीर-दर्ग्याला जायचं बंद. दुसऱ्या बाजूला निजामाच्या बाजूनं लढणारे रझाकार, त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. दोन्हीकडची शिकलेली, कोर्टात-शाळेत वावरलेली, पेपर वाचणारी माणसं. ज्यांना काहीच वाचता येत नव्हतं ते बिचारे तोपर्यंत एकमेकांच्या जत्रा-उरुसात फिरत होते. मी दोघांना एका मापात तोलत नाही, रझाकारांनी जे केलं त्याच्या गोष्टी आमच्या घरात अजून निघतात आणि निजामाविरुद्ध लढणाऱ्यांत आर्य समाजाची माणसं पुढं होती हेही खरं. पण धर्माला चाळणी लावून एकसारखा करायची खोड दोघांचीही नव्या शिक्षणाबरोबर आलेली होती.

आणि चाळणीतून पडलं काय ते बघायचं तर पैठणला जावं. एकनाथ महाराजांनी सव्वाचारशेहून जास्त वर्षांपूर्वी हिंदू आणि तुर्क यांचं भांडण रंगवलेलं भारूड लिहिलंय, दोघं एकमेकाच्या देवाधर्माची अशी काही उणीदुणी काढतात की आज कुणी स्टेजवर म्हणलं तर दोन्हीकडून एफआयआर होईल, आणि शेवटी दोघं गळ्यात पडतात. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, मुसलमान बादशहाच्या नोकरीत. हे भारूड मी मुद्दाम शोधलं. ना भगव्या डब्यात, ना हिरव्या. ते कुठल्या फळीवर ठेवणार?

एवढं सगळं लिहून मी आईला काय सांगणार होतो, डबा नको म्हणून? तिला तो लई आवडतो, आणि का आवडतो ते पण नीट बघितलं पाहिजे नाहीतर हा रिव्ह्यू एकतर्फी होईल. वडील गेल्यापासून ती घरात एकटी, आम्ही दोघं भाऊ बाहेर, एक वाळूजला एक कुवेतला. गल्लीतली निम्मी घरं अशीच, पोरं पुणे-हैदराबाद-दुबई, घरात एक म्हातारं माणूस आणि एक टीव्ही. सप्ताहाला माणसं जमत नाहीत म्हणून आता पगारी टाळकरी आणावे लागतात. अशा घरात पहाटे कुणीतरी बोलायलंय असं वाटणं ही काही छोटी गोष्ट नाही. वाळूजला आमच्या बिल्डिंगमधे बीडचे, जालन्याचे, बिहारचे, यूपीचे लोक, कुणाचं कुलदैवत कुणाला माहीत नाही, तिथं गणपतीत सगळ्यांना येणारी एकच हिंदी आरती लागते, दुसरं जमणार कसं. माझा भाऊ कुवेतला गेल्यावर इथं होता त्याच्यापेक्षा जास्त धार्मिक झाला, टिळा लावून व्हिडिओ कॉल करतो, आणि त्याच्या रूमवरचा केरळचा मुसलमान पोरगा पण तसाच झालाय म्हणतो. माणूस मुळातून उपटला गेला की त्याला सोबत नेता येईल असा घडीचा देव लागतो.

आणि अजून एक. गावच्या सप्ताहात वीणा बायकांच्या गळ्यात कधी दिली नाही. आई सात दिवस भाकरी थापायची, पिठलं हाटायची, कीर्तन स्वयंपाकाच्या मांडवातून ऐकायची. आता बटन तिच्या हातात आहे, कुठला अभंग किती वेळा ते ती ठरवती. चाचांची सून ह्याच हिरव्या डब्यावर आयत थांबवून थांबवून उच्चार पक्के करायली, आधी त्यासाठी कुणाला तरी विचारत बसावं लागायचं आणि बाईला सांगायला तिथं वेळ कुणाला असायचा. तेव्हा माझ्या जुन्या काळाच्या आठवणी गोड आहेत त्याचं एक कारण मी मांडवाच्या पुढच्या बाजूला बसायचो हे पण आहे.

आवाजाबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती वस्तूबद्दल पण आहे आणि गल्लीबद्दल पण. डब्याचा आवाज पहिल्या पायरीवर ऐकू येत नाही आणि दुसऱ्या पायरीवर कानात घुसतो, मधलं काही नाही. फुल केला तर स्पीकर फाटतो. फोनच्या अ‍ॅपवर हातभर अंतरावर धरून बघितलं तर ७०-८० च्या मधे आकडा नाचायला, आणि कायद्यानं रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. अर्थात ते अ‍ॅप काही सरकारी मीटर नाही. २०२२ च्या १ मे ला राज ठाकरेंची औरंगाबादला सभा झाली, भोंगे उतरवा नाहीतर समोर चालीसा लावू, त्या महिन्यात भगवे डबे पेटीच्या पेटी गेले असं चाचा सांगतात, आणि पुढच्या महिन्यात हिरवे. दोन्ही त्यांनीच विकले. भोंग्याचं प्रकरण कोर्टाकडं गेलं, २०२५ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानं सांगितलं की लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, बरं झालं. पण हे डबे खिडकीत ठेवलेले असतात, आणि आमच्या गल्लीत काही घरी खिडकीतल्या डब्याचं तोंड बाहेरच्या बाजूला असतं. आतल्या माणसासाठी ठेवलेला डबा बाहेर तोंड करून कशाला ठेवतील तुम्हीच सांगा.

आता राहिलेले फॉल्ट. लाइट जाऊन आली की, चार्जिंगला लावलेला असंल तर, आपोआप पहिल्या ट्रॅकपासून फुल आवाजात सुरू होतो, रात्री तीनला आमच्याकडं एमएसईबीच्या कृपेनं हे होतंच. ट्रॅक लक्षात ठेवत नाही. मधलं बटन थोड्याच दिवसात आत बसलं, चाचांकडं नेला तर बिल विचारलं नाही, वॉरंटी विचारली नाही, दुसऱ्या डब्यातलं काढून बसवून दिलं, चहा पाजला, पैसे नको म्हणले. कार्डमधल्या यादीवर २० ट्रॅक लिहिलेत पण २१ आहेत. एकविसावा कुठंच लिहिलेला नाही, कारखान्यात टेस्टिंगला भरला आणि पुसायचा राहिला असावा, चिनी भाषेत बायका एका सुरात "अमितोफो, अमितोफो" म्हणतात, म्हणजे तोच अमिताभ बुद्ध, मागं घंटा. मी तो डिलीट करतो म्हणलं तर आई म्हणली राहू दे, देवाचंच नाव असंल कुणाच्या तरी. दुपारी झोपताना तोच लावती आजकाल, म्हणती बाकीच्यांपेक्षा ह्याचा आवाज मऊ आहे.

घ्यायचाच असंल तर मायक्रो यूएसबीवाला घेऊ नका, पन्नास रुपये जास्त देऊन टाईप-सीवाला घ्या. आत कार्ड रीडरनं उघडणारं कार्ड आहे का ते दुकानातच विचारा, काही डब्यात गाणी चिपमधेच असतात, मग बदलता येत नाहीत. मी पुढच्या चकरेत गावच्या सप्ताहाचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग भरून देणार आहे, मधे लोकांच्या खोकण्याचा आवाज आहे, चालतंय. ऑनलाइन ह्याच्यापेक्षा स्वस्त मिळतो पण तिथं खोलून दाखवायला कुणी नाही.